हिरा, ग्रॅफाइट, वाळू: आधी बंध मोजा, मग गुणधर्म सांगा

हिऱ्याला वितळवणं इतकं अवघड का, या प्रश्नाचं 'सहसंयुज बंध मजबूत असतात म्हणून' हे उत्तर अर्धवट आहे. (सहसंयुज बंध म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बनलेला बंध.) मिथेनमधला कार्बन–हायड्रोजन बंध हिऱ्यातल्या कार्बन–कार्बन बंधापेक्षाही मजबूत असतो: पहिला सुमारे ४१३ किलोज्यूल प्रति मोल, दुसरा सुमारे ३४७. तरीही मिथेन उणे १६१ °से ला उकळतो. कारण मिथेन उकळताना एकही सहसंयुज बंध तुटत नाही, रेणू फक्त एकमेकांपासून सुटतात. हिऱ्यात सुटायला रेणूच नसतात. एका टोकाच्या अणूपासून निघालं तर बंधामागून बंध ओलांडत थेट दुसऱ्या टोकाला पोचता येतं. महाकाय सहसंयुज संरचना म्हणतात ती हीच.

म्हणून अशा पदार्थाचा कोणताही गुणधर्म समजून घ्यायचा असेल तर तीन गोष्टी विचाराव्यात. ही क्रिया घडताना नेमके कोणते बंध तुटतात? किती तुटतात? आणि संयुजा इलेक्ट्रॉन (अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातले) कुठे अडकलेले आहेत, की मोकळे आहेत? 'बंध मजबूत' हे एकच वाक्य द्रवणांक, काठिण्य, वाहकता, अविद्राव्यता अशा सगळ्याच प्रश्नांना चिकटवलं की गोंधळ सुरू होतो.

आधी मोजणी

हिऱ्यात प्रत्येक कार्बनला चार शेजारी असतात, चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांत, १०९.५ अंशांच्या कोनात, ०.१५४ नॅनोमीटरवर. इथे बहुतेकांची पहिली चूक होते: एका मोल हिऱ्यात चार मोल बंध धरले जातात. प्रत्येक बंध दोन अणूंच्या मालकीचा असतो, म्हणून दर अणूमागे बंध दोनच. २ गुणिले ३४७ म्हणजे ६९४ किलोज्यूल. हिऱ्याचे अणू पूर्ण सुटे करायला प्रत्यक्षात लागते सुमारे ७१५ किलोज्यूल प्रति मोल. सरासरी बंध-ऊर्जा वापरून केलेला हिशोब इतका जवळ येतो, याचा अर्थ हिऱ्यातला बंध हा साधा एकेरी कार्बन–कार्बन बंधच आहे. जादू बंधात नाही, तो सगळीकडे असण्यात आहे. एका कॅरटच्या म्हणजे ०.२ ग्रॅमच्या हिऱ्यात १०चा २२वा घात इतके अणू असतात आणि त्याच्या दुप्पट बंध.

हीच मोजणी ग्रॅफाइटला लावली की खरी गंमत येते. तिथे प्रत्येक कार्बनला तीनच शेजारी, म्हणजे दर अणूमागे दीड बंध. अणू सुटे करायला ७१७ किलोज्यूल लागतात. भागाकार केला तर एका बंधाला ४७८. एकेरी बंध ३४७, दुहेरी सुमारे ६१४, आणि ग्रॅफाइटचा बरोबर मधे. लांबीही तेच सांगते: एकेरी ०.१५४, दुहेरी ०.१३४, ग्रॅफाइट ०.१४२ नॅनोमीटर. म्हणजे ग्रॅफाइट मऊ असला तरी त्याच्या थरातला बंध हिऱ्यातल्या बंधापेक्षा ताकदवान आहे. हे वाक्य ज्याला पटलं त्याला हा सगळा धडा समजला असं मी धरतो.

घनतेचं गणितही एकदा स्वतः करून पाहावं. हिऱ्याच्या एकक पेशीची (पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घनाची) बाजू ०.३५६७ नॅनोमीटर. कोपऱ्यांवरचे आठ अणू प्रत्येकी एक अष्टमांश, म्हणजे एक. पृष्ठांवरचे सहा प्रत्येकी अर्धे, म्हणजे तीन. आणि पूर्ण आत असलेले चार. एकूण आठ. पेशीचं आकारमान ०.०४५४ घन नॅनोमीटर, म्हणजे एका घन नॅनोमीटरमध्ये साधारण १७६ अणू. कार्बनचं मोलर वस्तुमान वापरून घनता ३.५१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते, आणि मोजलेली घनताही तेवढीच आहे. उत्तर चुकतं ते बहुधा दोन ठिकाणी: आतले चार अणू विसरले जातात, किंवा घन नॅनोमीटरचं घन सेंटिमीटर करताना घात फक्त सातचा धरला जातो, एकवीसचा नाही. ही रचना १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी उलगडली.

कार्बन डायऑक्साइड वायू, सिलिकॉन डायऑक्साइड दगड

एकाच गटातली दोन मूलद्रव्यं, ऑक्साइडचं सूत्रही सारखंच. तरी कार्बन डायऑक्साइड उणे ७८.५ °से ला संप्लवन पावतो, म्हणजे घनाचा थेट वायू होतो, आणि सिलिकॉन डायऑक्साइडला (सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य पदार्थ) वितळायला १७०० °से च्या पुढे न्यावं लागतं. उत्तर पुन्हा मोजणीतच आहे.

कार्बनसमोर दोन पर्याय असतात: ऑक्सिजनशी दोन दुहेरी बंध किंवा चार एकेरी. दुहेरी सुमारे ८०० किलोज्यूल प्रति मोलचा, म्हणजे दोनांचे १६००. एकेरी सुमारे ३५८ चा, म्हणजे चारांचे १४३२. दुहेरीत फायदा, म्हणून सुटा रेणू. सिलिकॉनचं उलट आहे. दुहेरी बंध सुमारे ६४०, दोनांचे १२८०. एकेरी सुमारे ४६५, चारांचे १८६०. सिलिकॉनचा अणू मोठा असल्यामुळे दुहेरी बंधातला दुसरा बंध, म्हणजे कक्षकांच्या बाजूने होणारं पाय (π) अतिव्यापन, कमकुवत पडतं, आणि चार एकेरी बंधांचं जाळं कितीतरी परवडतं. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनांना जोडणारा पूल. सूत्रातला 'एकास दोन' हा आकडा फक्त गुणोत्तर सांगतो. दोन ऑक्सिजन असलेला रेणू वाळूत कुठेही सापडणार नाही.

कार्बनला हे जाळं मुळीच जमत नाही असंही नाही. १९९९ मध्ये सुमारे ४० गिगापास्कल दाबाखाली लेसरने तापवून कार्बन डायऑक्साइडचं असंच एकेरी बंधांचं जाळं बनवलं गेलं. दाब काढला की ते टिकत नाही, कारण वरचा हिशोब कार्बनला पुन्हा रेणूकडे ओढतो.

वितळताना सगळे बंध तुटतात का?

'महाकाय संरचना वितळवायला सगळे सहसंयुज बंध तोडावे लागतात' हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलेलं असतं की ते तपासायचं कुणाच्या मनात येत नाही. आकडे मात्र वेगळं सांगतात. सिलिका (क्रिस्टोबलाइट या तिच्या स्फटिकरूपात) वितळताना जेमतेम ९ किलोज्यूल प्रति मोल घेते. मिठाला यासाठी २८ लागतात! सिलिकातले चारही बंध तुटले असते तर हा आकडा १८०० च्या पुढे गेला असता. वितळलेल्या सिलिकातही जवळजवळ प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनांना धरूनच असतो. फक्त मांडणीचा नियमितपणा गेलेला असतो, आणि अधूनमधून एखादा बंध तुटून दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतो.

मग तापमान इतकं जास्त का? कारण एखादा बंध तुटून नवा जुळल्याशिवाय तिथे काहीच हलू शकत नाही, आणि तेवढी झेप घ्यायला अणूंना प्रचंड तापावं लागतं. म्हणूनच वितळलेली सिलिका कमालीची घट्ट असते, बुडबुडे वर यायला तासन्‌तास लागतात, आणि थंड होताना अणूंना नीट रांगेत बसायला वेळ न मिळाल्याने काच बनते. पूर्ण बंध तुटतात ते वाफ होताना. उत्तरपत्रिकेत 'अनेक मजबूत सहसंयुज बंधांवर मात करावी लागते' एवढं लिहिलं तर ते बरोबर आहे. 'सगळे' हा शब्द गाळावा.

सिलिकॉन अजून वेगळा वागतो. १४१४ °से ला वितळताना तो सुमारे ५० किलोज्यूल घेतो, आणि वितळल्यावर चार शेजाऱ्यांची शिस्त मोडून प्रत्येक अणूभोवती साधारण सहा शेजारी जमतात. द्रव घनापेक्षा जड होतो (घनता २.३३ वरून २.५७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) आणि धातूसारखी वीज वाहू लागतो. त्यामुळे वितळलेला सिलिकॉन मुशीत तसाच गोठू दिला तर तो फुगतो आणि मूस तडकते.

ग्रॅफाइट तर साध्या वातावरणीय दाबावर वितळतच नाही. सुमारे ३६५० °से च्या आसपास तो सरळ वायू होतो, आणि द्रव कार्बन पाहायचा असेल तर शंभरेक वातावरणांचा दाब लागतो. कार्बनचा 'द्रवणांक' कुठे छापलेला दिसला तर शेजारी दाब लिहिलाय का ते बघा.

कठीण म्हणजे न फुटणारा नव्हे

काठिण्य म्हणजे ओरखड्याला विरोध. हिऱ्यात अणू ढकलून बाजूला सरकवायचे तर बंध तोडावेच लागतात, शिवाय ते बंध चारही दिशांना ठरलेल्या कोनात रोवलेले असतात. धातूत अणूंचे थर एकमेकांवरून सरकले तरी इलेक्ट्रॉनांचा समुद्र त्यांना सांभाळून घेतो, म्हणून धातू वाकतो. हिऱ्याला वाकायची सोय नाही. मर्यादेपलीकडे ताण आला की तो फुटतो, आणि बहुधा अष्टफलकाच्या पृष्ठांना समांतर प्रतलांत सरळ चिरतो, कारण त्या थरांमधून जाताना दर क्षेत्रफळामागे सर्वांत कमी बंध आडवे येतात. हिरे कापणारे पिढ्यान्‌पिढ्या हीच दिशा शोधत आले आहेत.

लोखंडावर मात्र हिऱ्याचं अवजार लवकर झिजतं. घर्षणाने तापलेल्या टोकावर कार्बन लोखंडात विरघळतो, आणि लोखंडाच्या सान्निध्यात हिऱ्याचं ग्रॅफाइट होणंही सोपं जातं. पोलादावर काम करायला घनाकार बोरॉन नायट्राइड वापरतात. तीच रचना, फक्त अणू आलटून पालटून बोरॉन आणि नायट्रोजनचे. रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी ते १९५७ मध्ये बनवलं. घासकामात सिलिकॉन कार्बाइड सगळीकडे दिसतं: वाळू आणि कोक (दगडी कोळशापासून मिळणारा कार्बन) विजेच्या भट्टीत २००० °से च्या वर तापवले की कार्बन मोनॉक्साइड निघून जातो आणि काळे-हिरवे चमकदार खडे उरतात.

ग्रॅफाइटचे थर खरंच सहज घसरतात का?

ग्रॅफाइटचे थर एकमेकांपासून ०.३३५ नॅनोमीटरवर असतात, थरातल्या बंधापेक्षा दुपटीहून जास्त अंतरावर. मधे सहसंयुज बंध नाही, फक्त कमकुवत व्हॅन डर वाल्स आकर्षण आहे. त्यावरून 'थर घसरतात म्हणून ग्रॅफाइट वंगण' असं शिकवलं जातं. यात एक महत्त्वाची गोष्ट राहून जाते. निर्वातात किंवा अगदी कोरड्या हवेत ग्रॅफाइट वाईट वंगण ठरतं. उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज नेणारे ग्रॅफाइटचे ठोकळे) भराभर झिजून त्यांची पूड होऊ लागली, तेव्हा हे ठळकपणे पुढे आलं. थरांच्या कडांवर तुटलेल्या बंधांची उघडी टोकं असतात आणि ती समोरच्या पृष्ठभागाला पकडतात. हवेतली वाफ त्या टोकांना झाकून टाकते, मगच घसरणं सुरळीत होतं. म्हणून निर्वात यंत्रणेत वंगण निवडायचं असेल तर ग्रॅफाइट नको. तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइड चालतं.

विजेचं कारण निराळं आहे. कार्बनचे तीन इलेक्ट्रॉन थरातल्या बंधांत गुंततात, चौथा थराच्या वर-खाली पसरलेल्या पाय प्रणालीत फिरतो. म्हणून थराच्या दिशेने वीज सहज वाहते आणि थरांना आडवी फारच कमी. नीट रांगेत असलेल्या ग्रॅफाइटमध्ये हा फरक हजारो पटींचा असतो. षटकोनी बोरॉन नायट्राइड दिसायला हुबेहूब ग्रॅफाइटसारखं, थरांमधलं अंतरही तेवढंच, इलेक्ट्रॉनांची संख्याही तीच. तरी ते पांढरं आणि विद्युतरोधक आहे. नायट्रोजनची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) जास्त असल्याने इलेक्ट्रॉन त्याच्यापाशीच थांबतात. 'थर आहेत म्हणून वीज वाहते' या समजाला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

पेन्सिलीने हे पाहता येतं. दोन्ही टोकांचं लाकूड सेंटिमीटरभर तासून शिसं उघडं करा. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा, आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून तारांचा स्वतःचा रोध पाहा आणि तो वजा करा. मगरचिमटे हलकेच लावा, नाहीतर शिसं तुटतं. शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि माती यांचं मिश्रण. मऊ ६बी मध्ये माती एचबी पेक्षा कमी असते, त्यामुळे ६बी चा रोध एचबी पेक्षा कमी यायला हवा. रंगीत पेन्सिलीत मेण आणि रंगद्रव्य असतं, ती काहीच वाहणार नाही. तुलनेला ती ठेवावी. कागदावर ६बी ने जाड पट्टा काढला तर रोध किलोओहममध्ये येतो, म्हणून मोजणीची पट्टी बदला. काहीच आकडा आला नाही तर पट्टा विरळ आहे आणि ग्रॅफाइटचे कण एकमेकांना टेकत नाहीत. त्याच जागी पुन्हापुन्हा गिरवा.

हिऱ्यात इलेक्ट्रॉन सगळे बंधांत अडकलेले. त्यांना मोकळं करायला ५.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) लागतात. सिलिकॉनमध्ये तेच १.१. रचना एकच, पण बंध लांब (०.२३५ नॅनोमीटर) आणि कमकुवत. शुद्ध सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये अणू ५ गुणिले १०चा २२वा घात, पण सामान्य तापमानाला मोकळे इलेक्ट्रॉन फक्त १०च्या १०व्या घाताइतके. आता दर एक कोटी अणूंमागे एक फॉस्फरस मिसळा. मोकळे इलेक्ट्रॉन एकदम पाच लाख पट होतात. चिप बनवणारे शुद्धतेवर इतका जीव टाकतात तो याचसाठी.

उष्णता नेणारा, वीज न नेणारा

'मुक्त इलेक्ट्रॉन नाहीत म्हणून हिरा उष्णतेचाही दुर्वाहक' असं लिहिणारे नेहमी भेटतात. उलट हिऱ्याची उष्णतावाहकता २००० वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास आहे, तांब्याची ४००. इथे उष्णता इलेक्ट्रॉन नेत नाहीत, जाळ्याची कंपनं नेतात. अणू हलके आणि बंध ताठ असले की कंपनं वेगाने धावतात. नैसर्गिक कार्बनमध्ये १.१ टक्के कार्बन-१३ असतो. तेवढे जड अणूसुद्धा कंपनांना अडखळवतात. ते काढून टाकले की वाहकता ३३०० च्या घरात जाते.

रत्नपारखी वापरतात ती उष्णतेची चाचणी-पेन यावरच चालते. क्यूबिक झिर्कोनिया हा हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा लगेच पकडला जातो. मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दुसरा खडा मात्र पेनला फसवतो, कारण ते सिलिकॉन कार्बाइड आहे, तसंच ताठ जाळं. तिथे भिंगातून तिरपं पाहावं. मॉइसनाइटमध्ये मागच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात एकेरीच. खडा सुटा असेल तर मेथिलीन आयोडाइडमध्ये (घनता ३.३) मॉइसनाइट तरंगतं, हिरा बुडतो. हे द्रव विषारी आहे, हातमोजे आणि हवेशीर जागा हवीच.

न विरघळणं आणि तरीही झिजणं

विरघळायचं तर अणू जाळ्यातून सुटले पाहिजेत, आणि द्रावकाशी जुळणाऱ्या कमकुवत आकर्षणातून त्याची भरपाई होत नाही. म्हणून हिरा, वाळू कशातच विरघळत नाहीत. फुलरीन मात्र टोल्यूइनमध्ये विरघळून जांभळं द्रावण देतं. साठ कार्बनचा तो सुटा रेणू आहे, महाकाय संरचना नाही. परीक्षेत त्याला हिऱ्याच्या रांगेत बसवणं ही हमखास गुण घालवणारी चूक.

विरघळणं वेगळं आणि रासायनिक हल्ला वेगळा. हायड्रोफ्लुओरिक आम्ल सिलिका खातं, कारण सिलिकॉन–फ्लुओरिन बंध सिलिकॉन–ऑक्सिजनपेक्षाही मजबूत आहे. तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडही काचेला हळूहळू खातं. म्हणून त्याच्या बाटलीला घासलेलं काचेचं बूच लावायचं नाही, ते चिकटून बसतं.

सिलिकाच्या नळ्या वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट अगदी महत्त्वाची. भट्टीत टाकण्याआधी नळीला उघड्या हाताने स्पर्श करू नका, आणि अल्कोहोलने पुसून घ्या. घामातला सोडियम सिलिकॉन–ऑक्सिजन–सिलिकॉन पूल तोडतो, तिथले अणू हलायला मोकळे होतात, आणि १००० °से च्या पुढे त्या जागी काचेचं स्फटिकात रूपांतर सुरू होतं. बोटाचा ठसा पांढरट डागासारखा उमटतो. गरम असताना नळी ठीक दिसते. खाली येताना, २५० °से च्या आसपास, तिथला क्रिस्टोबलाइट एकदम आकसतो आणि नळीला तडा जातो. क्वार्ट्झचं (सिलिकाचंच आणखी एक स्फटिकरूप) असंच ५७३ °से ला होतं, म्हणून क्वार्ट्झ असलेली मातीची भांडी भट्टीत त्या तापमानाजवळून सावकाश न्यावी लागतात.

ग्रॅफाइटपासून हिरा बनवणं

सामान्य दाबाला ग्रॅफाइट हिऱ्यापेक्षा जास्त स्थिर आहे, पण फरक मोलमागे फक्त ३ किलोज्यूलच्या आसपास. हिरा आपोआप ग्रॅफाइट होत नाही, कारण मधल्या वाटेवर ते ३४७ चे बंध तोडावे लागतात. उलट दिशेने जायचं तर ५ ते ६ गिगापास्कल दाब, १३०० ते १६०० °से तापमान आणि कार्बन विरघळवणारा वितळलेला लोह, निकेल किंवा कोबाल्ट लागतो. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये हे जमलं. धातूशिवाय त्याच दाबाला काहीच घडत नाही, कारण घनात बंध तोडून पुन्हा बांधण्याचा वेग नगण्य असतो. या रीतीत हवेतला नायट्रोजन जाळ्यात शिरला तर हिरा पिवळा होतो. रंगहीन हवा असेल तर नायट्रोजनला पकडून ठेवायला टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियम मिसळतात.

दुसरी रीत प्रचंड दाबाशिवायची: हायड्रोजनमध्ये जेमतेम एखाद-दोन टक्के मिथेन, वातावरणीय दाबापेक्षा बराच कमी दाब, ७०० ते १००० °से ला ठेवलेला हिऱ्याचा बीजतुकडा, आणि प्लाझ्मा (विजेने तापवून रेणू-अणू तोडलेला वायू). ग्रॅफाइट जास्त स्थिर असूनही हिरा वाढतो याचं कारण सुटे हायड्रोजन अणू. पृष्ठभागावरच्या उघड्या बंधांना ते झाकून ठेवतात, त्यामुळे वरचा थर ग्रॅफाइटसारखा आडवा होत नाही. आणि चुकून जमलेला ग्रॅफाइटसारखा कार्बन ते हिऱ्यापेक्षा कितीतरी वेगाने कोरून काढतात. मिथेनचं प्रमाण वाढवून घाई केली तर कोरण्यापेक्षा जमणं जास्त होतं, आणि बीजावर हिऱ्याऐवजी काळा कार्बन दिसू लागतो.